अहमदपूरचा उतार

मांजरा नदी अहमदपूरकडे वळवण्याचा माझा कधीही विचार नव्हता, हे मी देवापुढे बेलपत्र ठेवून सांगायला तयार आहे. पुराणकाळी भगीरथाने नदी खाली आणली. त्यासाठी त्याने तप केले होते, आणि मुख्य म्हणजे त्याला नदी हवी होती. माझ्या बाबतीत यांपैकी काहीच घडलेले नाही. मी लातूरच्या एका प्रशालेत संस्कृत शिकवणारा, स्वभावाने मंद आणि चालीने त्याहून मंद असा गृहस्थ. नद्यांशी माझा संबंध स्नानाच्या वेळी त्यांची नावे घेण्यापुरता. आणि ज्या वर्षीची ही हकिकत आहे त्या वर्षी स्नानच तांब्याभर पाण्यात उरकावे लागत असल्यामुळे, गोदावरीपर्यंत पोचण्याआधीच पाणी संपत असे.

जिल्हा नवा होता. उस्मानाबादेतून फुटून स्वतंत्र झाल्याला थोडीच वर्षे झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग अजून वाळायचा होता. विहिरी मात्र सगळ्या वाळल्या होत्या. कोणते कार्यालय कोणत्या गल्लीत आले आणि कोणत्या तालुक्याला काय मिळाले, याखेरीज दुसरा विषय लोकांच्या बोलण्यात नसे. पाऊस हा विषय होता, पण त्यात बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

आमची कन्या नीलम्मा तेव्हा अकरा वर्षांची होती. नाव माझ्या आईचे. मुलगी स्वतः शाळेत ‘नीलू’ सांगे, आणि ते मला तिसऱ्याकडून कळले. नांदेडच्या एका जुन्या पाठशाळेत मी दर्शनांचे अध्ययन जमेल तसे केले आहे. परंतु अकरा वर्षांच्या मुलीचा दिवस कसा चालतो, याचा उलगडा कोणत्याही दर्शनात मला आढळलेला नाही. सकाळी टँकरच्या रांगेत घागर घेऊन ती उभी राही तेव्हा एखाद्या प्रौढ गृहिणीसारखी भांडे. घागर घरात ठेवली की तीच लंगडी घालत शाळेला निघे. जेवताना पुस्तक वाची, आणि पुस्तक वाचताना खायला मागे. एकाच बाकावर दिवसभर जिच्याशेजारी बसून यायची त्याच मैत्रिणीशी संध्याकाळी पुन्हा भिंतीवरून बोलत उभी राही. “काय बोलत होतीस गं?” असे विचारले तर म्हणे, “काही न्हाई.” शून्यवादी पंडितांनाही ‘काही नाही’ या विषयावर इतका वेळ बोलता आल्याचे माझ्या वाचनात नाही.

हे सगळे मी कौतुकानेच पाहत असे. पण त्या वर्षी शाळा उघडल्यापासून एक नवे वाक्य घरात आले होते. मी दप्तर उचलायला गेलो की, “राहू द्या अप्पा.” वेणीचा पेड सुटलेला दाखवला की, “राहू द्या अप्पा.” पूर्वी माझे बोट धरून शाळेत जाणारी ही मुलगी आता चार पावले पुढे चाले, आणि मी जवळ पोचलो की वेग वाढवी. मी काही विचारले नाही. गुरूने विचारावे आणि शिष्याने सांगावे, ही आमच्या शिक्षणाची पद्धत. शिष्याने सांगायचेच थांबवले तर काय करावे, हे त्यात नाही.

म्हणून एका संध्याकाळी ती आपण होऊन माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, “अप्पा, पंधरा ऑगस्टला प्रदर्शन हाय. ‘आपला जिल्हा’. आमच्या वर्गातून माझं नाव घेतलं बाईंनी. पाहुण्यांसमोर मीच सांगणार,” तेव्हा मला झालेला आनंद मी लपवू शकलो नाही. वर्गाच्या वतीने बोलायला तिला प्रथमच उभे केले होते. ती पुठ्ठ्यावर नकाशा काढून रंगवणार होती.

“पुठ्ठा?” मी म्हणालो. “जिल्हा मातीचा असतो. मातीचाच करू. मी करतो.”

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. ‘राहू द्या’ हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते, असे मला आता वाटते. पण ती म्हणाली, “बरं.”

कार्यारंभ उत्तम झाला. आम्ही अख्तरीबींच्या घराच्या पुढच्या भागात भाड्याने राहत असू. अख्तरीबी वयाने माझ्याहून मोठ्या, एकट्या, आणि कोणत्याही कामात आधी मदत करून मग ते काम कशाचे आहे हे विचारणाऱ्या. त्यांनी न्हाणीघराचे जुने कवाड काढून दिले. त्या कवाडावर जिल्हा बसवायचे ठरले. माती नदीकाठची काळी. ती मळायला भांडी धुतलेले पाणी. यावर आमच्या सौभाग्यवती कस्तुराबाई म्हणाल्या, “भांडी राखेनं घासून राहिले मी. धुतलेलं पाणी कुठून आणू? आधी नदी करा, मग तिचंच आणते.” पण दुसऱ्या दिवशी पाणी आले. ते कोठून आले हे मी विचारले नाही. दुष्काळात सुज्ञ माणूस घरातल्या पाण्याचा उगम शोधत नाही.

आता येथे मला एक गोष्ट नम्रपणे सांगितली पाहिजे. माझ्या हातून आजवर कोणतीही रचना शास्त्र सोडून झालेली नाही. घर असो, देव्हारा असो, वर्गातली बाके असोत. नैर्ऋत्य उंच असावी आणि ईशान्येकडे उतार असावा, हा नियम मी लहानपणापासून पाळत आलो आहे. नवा जिल्हा, त्याची पहिली प्रतिकृती, आणि ती माझ्या कन्येच्या नावाने जाणार. तेव्हा मी पूर्वेकडे तोंड करून बसलो आणि औश्याच्या बाजूला माती चढवत, अहमदपूरच्या बाजूला उतरवत गेलो. उतार इतका सुरेख जमला की पाहून मन प्रसन्न व्हावे. मांजरा मात्र मी नकाशाबरहुकूम कोरली. पश्चिमेकडून आत येते, लातूरच्या वरून पूर्वेकडे जाते, मग एक वळण घेऊन निलंग्याच्या अंगाने खाली कर्नाटकात उतरते. निलंगा हे आमचे, म्हणजे कस्तुराबाईंचे माहेर. त्यामुळे ते वळण मी विशेष आदराने काढले.

ओसरीवर जिल्हा होत आहे ही वार्ता गल्लीत गेली, आणि माणसे येऊ लागली. समोरच्या सरजाबाई रेणापूरच्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळा जिल्हा निरखला. “आमचं रेणापूर कुठाय, गुरुजी?” मी सांगितले की फक्त तालुक्याची गावे दाखवली आहेत. “मग आमी काय आभाळात ऱ्हातो का?” रेणापूर बसवले. रेणापूर बसल्यावर दूधवाला मुरुडचा होता, तो मुरुडसाठी अडून बसला. अख्तरीबींचे माहेर उदगीर. “गुरुजी, किल्ला जरा बडा काढो,” त्या म्हणाल्या. “इतना छोटा किल्ला तो हमारे यहाँ कबूतर के वास्ते बी नै बांधते.” किल्ला मोठा केला. तो इतका मोठा झाला की देगलूरच्या रस्त्याला जागा उरली नाही.

या सर्वांत अधिकारवाणीने बोलणारे एक नरसिंगराव. जिल्हा कचेरीत कारकून, आमच्या मागच्या बाजूला राहत. नव्या जिल्ह्याच्या सगळ्या हद्दी त्यांच्या टेबलावरून गेल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी कवाडाभोवती एक संथ प्रदक्षिणा घातली आणि विचारले, “गुरुजी, याला मंजुरी कुणाची?”

“शाळेत न्यायचे आहे,” मी म्हणालो.

“ते झालं. पण जिल्ह्याचा नकाशा म्हणजे शासकीय बाब. उद्या कुणी म्हटलं, हे गाव इकडं कसं गेलं, तर उत्तर कोण देणार? एक अर्ज देऊन ठेवा.”

मी हसलो. ते हसले नाहीत. कारकून जेव्हा हसत नाही तेव्हा त्याचे ऐकावे, हे मला पुढे कळायचे होते.

इकडे नीलम्माचे चालले होते ते मला समजत नव्हते. जिल्हा तिचा, बोलणार ती. पण ती माती मळायला येई, थोडा वेळ बसे, आणि मग एक हिरवी काचेची गोटी घेऊन खेळत राही. मांजरेच्या पात्रात पश्चिमेला गोटी ठेवायची, सोडायची, आणि कोठे जाते ते पाहायचे. पुन्हा उचलायची, पुन्हा सोडायची. शाळेत जाण्यापूर्वी एकदा, आल्यावर एकदा, जेवून उठल्यावर हात न धुता एकदा. मी मनात म्हणालो, बालपण जाता जात नाही. मुले मोठ्या माणसांसारखी बोलतात, ‘राहू द्या’ म्हणतात. पण हातात गोटी असतेच. मला त्याचे थोडे बरेही वाटले.

“अप्पा,” ती एकदा म्हणाली, “गोटी निलंग्याला जाईना.”

“निलंग्याला जाऊन गोटी काय करणार आहे, बाळ?”

“न्हाई, पण ती वळणावर थांबते, अन् मग उडी मारून अहमदपूरला जाते.”

“गोटी ही स्वभावतः चंचल असते,” मी म्हणालो. तेवढ्यात गोटी पुन्हा आली आणि मी नुकत्याच बसवलेल्या अहमदपूरच्या मंदिरावर आदळून कळस घेऊन गेली. तेव्हा मला राग आला. मी गोटी उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली. “प्रदर्शन झाल्यावर मिळेल.” नीलम्माने एकदा वळणाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. आणि शाळेत निघून गेली, चार पावले नव्हे, चांगली आठ पावले पुढे.

नदीत पाणी असावे की निळा कागद, यावरही एक परिषद झाली. नीलम्माच्या वर्गशिक्षिका पंचशीलाबाई मुद्दाम घरी येऊन गेल्या. भूगोल शिकवणाऱ्या, बोलण्यात नेमक्या, आणि माझ्या वयाचा मान ठेवून माझे म्हणणे खोडून काढणाऱ्या. “गुरुजी, दिवस टंचाईचे आहेत. निळा कागद लावला तरी चालेल,” त्या म्हणाल्या.

“बाई, नदी ही देवता आहे. देवतेच्या जागी कागद कसा लावायचा?”

“पाणी मातीत मुरेल, गुरुजी.”

यावर अख्तरीबींनी तोड काढली. पात्राला आतून मेणबत्तीचे मेण फासायचे. मग एक तांब्या पाणी वरून सोडायचे. ते निलंग्याच्या टोकाला वाटीत पडेल. तेच पुन्हा वर घालायचे. “वोहीच पानी, वोहीच नदी,” त्या म्हणाल्या. “दिनभर चलाव.” या विचारातले तत्त्वज्ञान मला फार आवडले. आधी पाणी सोडून पाहावे असे नीलम्माने सुचवले, पण कस्तुराबाईंनी तांब्यावर हात ठेवला. “एकदाच मिळंल. तिथंच सोडा.”

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाले. हातगाडीवरून जिल्हा शाळेत आला. वाटेत उदगीरचा किल्ला एका सायकलस्वाराच्या कोपराला लागून खचला, तो अख्तरीबींनी थुंकी लावून जागच्या जागी सावरला. त्याखेरीज काही अनिष्ट घडले नाही. शाळेच्या दालनात दोन टेबलांवर कवाड मांडले. पाहुणे म्हणून पाटबंधारे खात्याचे एक मोठे साहेब आले होते. सोबत गावोगावची पुढारी मंडळी. त्यांत अहमदपूरकडचे साहेबराव. मी कोट घालून, टोपी नीट करून, भिंतीशी उभा राहिलो. नीलम्माने दोन वेण्या घट्ट घातल्या होत्या. तांब्या तिच्या हातात होता.

“ही आपल्या जिल्ह्याची जीवनरेखा, मांजरा नदी,” ती म्हणाली. शब्द स्पष्ट होते. तिने पाणी सोडले. “ती पश्चिमेकडून आपल्या जिल्ह्यात प्रवेश करते.” पाण्याने प्रवेश केला. “लातूर तालुक्यातून पूर्वेकडे वाहते.” पाणी पूर्वेकडे वाहिले. सगळे पुढे वाकले. खरे पाणी वाहताना पाहून लोकांना बरेच दिवस झाले होते. “मग ती वळण घेऊन...”

नदी वळणावर थबकली. क्षणभर भरली. आणि वळण घेण्याऐवजी काठ ओलांडून, थेट, कोणाचीही पर्वा न करता, ईशान्येकडे निघाली. शास्त्राने सांगितले होते त्याच दिशेने. अहमदपूरच्या रानांतून, अहमदपूरच्या वेशीतून ती गेली आणि कवाडाच्या कोपऱ्यावरून साहेबरावांच्या वहाणांवर उतरली. निलंग्याच्या टोकाला ठेवलेली वाटी कोरडी होती.

सगळ्यांनी आधी वाटीकडे पाहिले. मग साहेबरावांनी टाळी वाजवली.

“वा,” ते म्हणाले. “पाणी आलं आपल्याकडं. साहेब, हे असंच पायजे. किती वर्षं म्हणून राहिलो आम्ही.”

साहेब सभ्य गृहस्थ. मुलीचे वाक्य अर्धे राहिले आहे हे पाहून तिला धीर द्यावा, म्हणून ते म्हणाले, “विचार चांगला आहे.” आणि पुढच्या टेबलावरचा खादीचा तक्ता पाहायला गेले.

नीलम्मा तांब्या हातात धरून उभी होती. तिने वाक्य पुरे केले नाही. घरी येताना ती पुढेही चालली नाही, मागेही नाही. पंचशीलाबाईंच्या बाजूने चालली. बाई मला इतकेच म्हणाल्या, “प्रदर्शन उद्याही आहे. मुख्याध्यापिका म्हणतात, नकाशा नीट होणार नसेल तर तो उचला आणि त्या जागी दुसऱ्या वर्गाचा तक्ता लावा. मग नीलूचं बोलणंही राहून जाईल. सकाळी लवकर या, गुरुजी.”

संध्याकाळी मी ओसरीवर बसून नैर्ऋत्येचा विचार करीत होतो. तेवढ्यात साहेबराव चार माणसे घेऊन आले. हातात नारळ आणि शाल. “गुरुजी, तुम्ही निलंग्याचे जावई, तरी न्यायानं वागलात,” ते म्हणाले. मी सांगितले की हा अपघात आहे. त्यांनी डोळा बारीक केला. “तसंच म्हणायचं सध्या.” शाल माझ्या खांद्यावर पडली. त्या उकाड्यात ती शाल काढावी की ठेवावी, कोणता पर्याय कोणाच्या बाजूचा ठरेल, हे न कळल्यामुळे मी ती जेवताना देखील अंगावर ठेवली.

नरसिंगराव मागच्या दाराने आले. “मी म्हणलो होतो ना, अर्ज द्या. आता खुलासा द्यावा लागेल.” मजकूर त्यांनी खिशात तयारच आणला होता. विषय, मांजरा नदी वळविणेबाबत, नकारार्थी. खाली, सदर नदी वळविण्याचा माझा अगर माझ्या कुटुंबीयांचा इरादा नव्हता, नाही व पुढेही राहणार नाही. मी आयुष्यात पुष्कळ नम्र वाक्ये लिहिली आहेत, पण नदीची अशी हमी कोणाला दिली नव्हती. नीलम्मा कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. “कुटुंबीय म्हणजे मी पण का?” तिने विचारले. नरसिंगराव म्हणाले, “घरातले सगळे.” तिने मान हलवली आणि झोपायला गेली. माझ्याशी ती बोलली नव्हती.

बातमी रात्रीतच निलंग्याला पोचली होती; सकाळी पहिल्या गाडीने मेहुणे आले. मन्मथअप्पा, कस्तुराबाईंचे थोरले बंधू. आणि त्यांच्यासोबत निलंग्याची पाचसहा माणसे, फेटे बांधून, लग्नाला यावे तशी. मी खुर्च्या मागवल्या. ते उभेच राहिले.

“दाजी,” मन्मथअप्पा म्हणाले, “आम्ही तुमाला बहीण दिली. तुम्ही आमची नदी घेतली.”

“मन्मथअप्पा, ती मातीची नदी आहे,” मी म्हणालो.

“माती तर माती. सायबासमोर गेली का न्हाई तिकडं?”

“पण खऱ्या मांजरेत तरी पाणी कुठे आहे?”

“न्हाईच. असतं तर आमी इथं कशाला आलो असतो? रानात नसतो का?” मग त्यांची नजर खुंटीवर गेली. “ही शाल कुणाची?”

कस्तुराबाई आतून चहा घेऊन आल्या, भावाला दिला, आणि मला वगळून आत गेल्या. मी एकूण घटनाक्रम शास्त्राधारे समजावण्याचा प्रयत्न केला. नैर्ऋत्य, ईशान्य, उताराचे महत्त्व. मन्मथअप्पांनी शांतपणे ऐकले. “म्हणजे तुम्ही जाणूनबुजून उतार दिला,” ते म्हणाले. “ऐकलं का मंडळी, कबूल करून राहिले.”

आम्ही सगळेच शाळेत गेलो. मी पुढे, मागे निलंगा. फाटकात साहेबराव उभे होते, त्यांच्यामागे अहमदपूर. पंचशीलाबाई दालनाच्या दारात. त्या म्हणाल्या, “गुरुजी, तासाभरात लोक यायला लागतील.” मी टोपी काढली, डोके पुसले, टोपी घातली. माती चढवायची तर मळायला पाणी नाही. पाणी मिळाले तरी तासाभरात वाळायची नाही. औश्याकडचा डोंगर खणून काढावा तर तिथला किल्ला, लेणी, रस्ते, सगळे उखडेल. खुलासा माझ्या हातात होता, पण खुलाशाने नदी वळत नाही. मी काय करावे हे मला खरोखर कळेना, आणि न कळण्याची सवय असूनही या वेळी ते फार जड वाटले. कारण दुसऱ्या वर्गाचा तक्ता गुंडाळी करून बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेला मला दिसत होता. नीलम्मालाही दिसत होता.

ती कवाडाजवळ आली आणि माझ्याकडे हात पसरून उभी राहिली.

“अप्पा, गोटी द्या.”

गोटी कोटाच्या खिशात, रुमालाखाली होती. मी दिली. तिने ती पश्चिमेला, नदीच्या तोंडाशी ठेवली आणि सोडली. दोन तालुके श्वास रोखून पाहत होते. गोटी वळणावर आली, थांबली, आणि उडी मारून अहमदपूरला गेली.

“बघितलं?” ती म्हणाली. हे माझ्यासाठी होते.

“बघितले.”

“आता अहमदपूर उचला.”

मी अहमदपूरचा कोपरा उचलला. संस्कृताच्या अध्यापकाला ओझ्याची सवय नसते. कवाड आणि वर ओला-सुका जिल्हा असे ते वजन होते. तिने गोटी सोडली. “अजून वर.” पुन्हा सोडली. “थोडं खाली, अप्पा. लई झालं, उदगीर सांडंल.” अख्तरीबी नेमक्या तेव्हाच आत येत होत्या, त्यांनी धावत येऊन किल्ल्यावर हात ठेवला. गोटी पुन्हा निघाली. लातूरच्या वरून पूर्वेला गेली, वळणावर आली, जराशी रेंगाळली, आणि वळली. निलंग्याच्या अंगाने खाली येऊन वाटीत टणकन पडली.

मन्मथअप्पांनी फेटा सारखा केला. “असं पायजे,” ते म्हणाले. साहेबरावांचा चेहरा उतरला होता. पण त्यांनी कोपरा किती वर गेला आहे हे वाकून पाहिले. “म्हणजे जिल्ह्यात सगळ्यात उंच आमचं अहमदपूर,” ते म्हणाले. नीलम्माने थोडा विचार केला आणि म्हणाली, “सध्या तरी.” एवढ्यावर दोन्ही बाजूंचे समाधान का झाले, हे मला आजही उलगडलेले नाही.

कोपऱ्याखाली वीट घालून पाहिली, तर ती जास्त झाली. पाटी घातली, ती कमी पडली. दोन पुस्तके घातली, ती वजनाने एकीकडे घसरली. हाताने धरले म्हणजेच नदी बरोबर वाहत होती. “अप्पा, एवढंच ठेवा. हलू नका,” नीलम्मा म्हणाली. आणि लोक आत येऊ लागले.

त्या दिवशी मी कोट-टोपीसह, टेबलाशी वाकून, अहमदपूर हातांत धरून उभा राहिलो. माझे विद्यार्थी येऊन गेले. आमच्या प्रशालेचे मुख्याध्यापक आले, त्यांनी मला पाहिले आणि न पाहिल्यासारखे करून खादीच्या तक्त्याकडे गेले. नरसिंगरावांनी माझ्या बगलेत खुलासा घातला आणि सही राहिली आहे असे कानात सांगितले. नाकाला खाज सुटली. ती तशीच सोसली. नीलम्मा तांब्यातून पाणी सोडी, वाटीतून परत तांब्यात घेई, आणि प्रत्येक नव्या गर्दीला तेच वाक्य सांगे. आता ते पुरे होत होते. “मग ती वळण घेऊन निलंगा तालुक्यातून पुढे कर्नाटकात जाते. सध्या नदीत पाणी नाही. पण वाट हीच आहे.” शेवटची दोन वाक्ये तिला कोणी शिकवली नव्हती. पंचशीलाबाईंनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे.

दुपारी कालचे साहेब पुन्हा आले. त्यांनी पाणी वळताना पाहिले, मान डोलावली, आणि मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले.

“हे कोण?”

“हे आमचे अप्पा,” नीलम्मा म्हणाली. “अहमदपूर धरून राहिलेत.”

साहेबांनी मला नमस्कार केला. मला परत करता आला नाही.

संध्याकाळी दालन रिकामे झाले. तांब्यात तळाशी थोडे पाणी उरले होते, ते तिने दारातल्या कडुलिंबाला घातले. मग माझ्याजवळ आली. “अप्पा, आता सोडा,” ती म्हणाली. मी सोडायला गेलो, पण बोटे काही वेळ उघडेनात. तेव्हा तिने ती एकेक करून उघडली आणि जिल्हा टेबलावर टेकवला. वाटीतली गोटी फ्रॉकला पुसली आणि परत माझ्या कोटाच्या खिशात टाकली. “तुमच्याजवळच राहू द्या,” ती म्हणाली. मी काही विचारले नाही. ‘राहू द्या’चा हा प्रयोग मला नवीन होता.

घरी जाताना ती नेहमीप्रमाणे पुढे चालली. हात अवघडलेले असल्यामुळे मी नेहमीपेक्षाही मागे पडलो. बाजारपेठेत, गंजगोलाईच्या वळणावर ती थांबली. तिकडून एक वाट आमच्या गल्लीत जाते, एक तिच्या मैत्रिणीच्या; ती कोणीकडे वळेल, मागे पाहील की नाही, याचा मला काही अंदाज नव्हता. पण नद्यांविषयी मला आता थोडे कळू लागले होते. म्हणून मी हाक मारली नाही, पाऊलही भराभर टाकले नाही. खिशातली गोटी मुठीत धरली आणि माझ्या चालीने चालत राहिलो.